घोड्याच्या पायाचे उष्णताचित्र

२०२० साली कोविडची साथ आली तेव्हा सीबीडी बेलापूरच्या कार्यालयांत शिरताना दाराशीच माणसाच्या कपाळासमोर एक लहानसे यंत्र धरले जाई. कपाळाला न शिवता ते क्षणात तापमान सांगे. याच तत्त्वावर चालणारा एक कॅमेरा लंगडणाऱ्या घोड्याची दुखरी जागा शोधायला पशुवैद्यांना मदत करतो.

अशा मदतीचे मोल समजायला फार दूर जायला नको. बेलापूरच्या कोकण भवनातून ज्या कोकण विभागाचा कारभार चालतो, त्यातच रायगड जिल्हा आणि त्यातले माथेरान येते. सुमारे ८०० मीटर उंचीच्या या डोंगरावर दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. अलीकडे ई-रिक्षा आल्या, तरी माणसे आणि सामान वाहणारे घोडे तेथे आजही आहेत. घोडा लंगडला की अश्वपालाची त्या दिवसाची कमाई बुडते. पण दुखऱ्या पायावर त्याला तसेच चालवले, तर आठवड्याच्या विश्रांतीने बरी होणारी दुखापत जन्माची होऊन बसते. म्हणून दुखणे कोठे आहे हे लवकर कळणे महत्त्वाचे.

आधी नजर, मग हात

लंगडणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. खुरात खडा रुतला असेल, नाल चुकीची बसली असेल, सांधा सुजला असेल किंवा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ताणली गेली असेल. पशुवैद्य प्रथम घोड्याला कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने पळवून पाहतो. या चालीत तिरक्या जोडीतले दोन पाय एकदम टेकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंची तुलना सोपी जाते. पुढचा पाय दुखत असेल, तर तो जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो आणि त्या पायावरचा भार हलका करतो. चांगला पाय टेकला की मान खाली येते. यावरून दुखरा पाय कळतो, पण त्या पायातली नेमकी जागा कळत नाही. ती शोधायला खूर चिमट्याने दाबून पाहतात, सांधे वाकवून पाहतात आणि हाताने पाय चाचपतात. उष्णताचित्राची मदत होते ती या टप्प्यावर.

न दिसणारा प्रकाश

१८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला! तेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार असे किरण बाहेर टाकत असते. घोड्याच्या कातडीचे तापमान ३२ अंश सेल्सिअस धरले, तर तिच्यातून येणाऱ्या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या ही जवळजवळ तेरापट झाली.

तापमान वाढले की हे किरण किती वाढतात? उत्सर्जित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ३२ अंशांचे ३३ अंश झाले, म्हणजे ३०५ केल्विनचे ३०६ झाले, तर ऊर्जा सुमारे १.३ टक्के वाढते. एवढासा फरकही या कॅमेऱ्याला सहज कळतो. कपाळाचे यंत्र एकाच जागेचे तापमान मोजते. ३२० गुणिले २४० बिंदूंचा कॅमेरा एकाच वेळी ७६,८०० जागा मोजतो आणि प्रत्येक तापमानाला एक रंग देऊन चित्र तयार करतो. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, फक्त येणारे टिपतो. त्यामुळे घोड्याला यापासून काडीचाही अपाय नाही.

डावा की उजवा?

शरीराला इजा झाली की तेथे रक्तपुरवठा वाढतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे वैद्यकाला प्राचीन काळापासून माहीत आहेत. घोड्याच्या केसाळ पायावर लाली दिसत नाही आणि वेदना तो बोलून दाखवू शकत नाही. उरली सूज आणि उष्णता. त्यांतली उष्णता कॅमेरा दाखवतो.

मात्र ‘येथे तापमान जास्त, म्हणून येथेच दुखणे’ असे म्हणून चालत नाही. खुराच्या वरच्या कडेला रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्यामुळे निरोगी घोड्यातही ती जागा उबदारच दिसते. म्हणून डाव्या पायाची उजव्या पायाशी, अगदी त्याच जागी तुलना करतात. दोन्हींत एक अंशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक फरक आढळला, तर तेथे बारकाईने तपासायला हवे. कधी दुखरी जागा उलट थंडही दिसते, कारण तेथे रक्तपुरवठा कमी झालेला असतो. कंडरेचा दाह तर काही वेळा घोडा लंगडायला लागण्याआधीच चित्रात उमटतो. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये स्ट्रॉमबर्ग यांनी शर्यतीच्या घोड्यांवर या पद्धतीचा अभ्यास केला होता.

कॅमेरा कोठे फसतो?

पायाची एक बाजू उन्हात असली तर ती तापते, ओली असली तर बाष्पीभवनाने थंड होते. चिखल आणि लांब केस उष्णता झाकतात. नुकतेच सोडलेले बँडेज मागे ऊब ठेवून जाते. म्हणून घोड्याला खरारा करून, कोरड्या, सावलीच्या, वारा नसलेल्या जागी काही वेळ शांत उभा करतात आणि मगच चित्र घेतात. कोकणातल्या उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा फरक पुसट होतो. पहाटेची वेळ त्यातल्या त्यात बरी.

शिवाय हे चित्र फक्त पृष्ठभागाचे असते. हाड मोडले आहे की कंडरा फाटली आहे, हे ते सांगत नाही. त्यासाठी क्ष-किरण किंवा सोनोग्राफी लागते. कोठे पाहायचे एवढे कॅमेरा सुचवतो, निदान पशुवैद्यच करतो.

करून पाहा

एक स्टीलचे ताट आणि एक लाकडी पोळपाट रात्रभर एकाच खोलीत ठेवा. सकाळी दोन्हींना हात लावा. ताट अधिक थंड वाटेल. तापमापीने मोजाल तर दोन्हींचे तापमान सारखेच भरेल. आपल्या हाताला तापमान कळत नाही, उष्णता किती वेगाने हातातून निघून जाते ते कळते, आणि धातूत ती झपाट्याने जाते.

आता विचार करा : हात असा फसत असेल, तर पशुवैद्य घोड्याचे दोन पाय हाताने चाचपून तुलना करतो, ती बरोबर कशी ठरते? उत्तर शोधताना एवढे लक्षात घ्या, की ताट आणि पोळपाट वेगळ्या पदार्थांचे होते. घोड्याचे दोन्ही पाय मात्र एकाच कातडीचे आणि एकाच केसांचे आहेत.