अपडेट मारलं अन् टावर गेला

"काल रात्री अपडेट मारलं अन् आज पाहा, टावरच नाही." वलगावच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार इतकी नेहमीची, की गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत दुकानदार पोरगा फोन घ्यायला हात पुढे करतो. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना दहा-बारा किलोमीटरवर, पेढी नदीच्या काठी हे गाव लागतं. रस्त्याच्या कडेला रिचार्ज, कव्हर, ग्लास आणि दुरुस्ती असं सगळं एकाच काउंटरवर करणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात पावसाळाभर मी जमेल तेव्हा स्टूल टाकून बसत होतो. अपडेटनंतर फोनचं नेमकं काय होतं, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

तक्रारी तीनच. टावर गेला, बॅटरी उतरते, फोन हँग होतो. चौथी क्वचित येते, ती स्क्रीनवर उभी हिरवी रेघ उमटल्याची. दोष चौघींत एकालाच, अपडेटला. पोरगा वाद घालत नाही. "ठेवून जा काका, पायतो," म्हणतो आणि फोनच्या पाठीवर खडूने खूण करतो.

अपडेट कधी घेतलं हे तो आधी विचारतो. बहुतेकांचं उत्तर असतं, रात्री बारानंतर. त्याला कारण आहे. रोज दीड जीबीचं पॅक आणि अपडेट दोन-अडीच जीबीचं. दिवसभराचा कोटा मध्यरात्री नव्याने भरतो, म्हणून लोक जागून बाराचे ठोके पडले की डाउनलोडवर बोट ठेवतात. दीड जीबी संपला की उतरणं रखडतं, उरलेलं दुसऱ्या रात्री. मोठ्या शहरात वायफायवर वीस मिनिटांत होणारं काम इथे दोन रात्री चालतं, आणि तेवढा वेळ फोन चार्जरला लावून उशाशी गरम होत पडलेला असतो. सकाळी तो तापलेला दिसला तर दोष अपडेटलाच जाणार.

आत काय चाललेलं असतं? आताच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये फोनची मुख्य प्रणाली दोन जागी ठेवायची सोय असते. ही पद्धत २०१६ साली अँड्रॉइड ७बरोबर आली. आपण एका जागेवरची प्रणाली वापरत असतो, तेव्हा नवी प्रणाली गुपचूप दुसऱ्या जागी लिहिली जाते. रीस्टार्ट केला की फोन त्या दुसऱ्या जागेवरून सुरू होतो, आणि तिथे काही बिघडलं तर पहिलीकडे परततो. पूर्वी अपडेट अर्धवट राहिलं की फोन लोगोवर अडकून दगड व्हायचा. ती भीती यामुळे बरीच कमी झाली. पण रीस्टार्ट झाला, फोन सुरू झाला, म्हणजे काम संपलं असं नसतं. नव्या पद्धतीत बदल जागच्या जागी जिरवण्याचं काम फोन सुरू झाल्यावरही मागे चालू राहतं. शिवाय प्रत्येक अॅप नव्या प्रणालीसाठी पुन्हा तयार करायचं असतं. अँड्रॉइड ५ आणि ६च्या काळात हे स्क्रीनवर दिसायचं, एकशे दहापैकी सदतिसावं अॅप चालू आहे असा आकडा सरकत राहायचा आणि माणूस मुकाट बसून राहायचा. आता फोन लगेच हातात येतो, आणि तेच काम पडद्यामागे, बहुतांश फोन चार्जिंगला आणि निवांत असताना, होत राहतं. माझ्या मते जुनी पद्धत अधिक प्रामाणिक होती. निदान फोन कामात आहे हे तरी कळायचं.

पोराकडे एक डीसी पॉवर सप्लाय आहे, दोन लाल आकड्यांचा चौकोनी डबा. एक व्होल्ट दाखवतो, एक अँपिअर. अपडेट झालेला फोन उघडून बॅटरीच्या जागी त्याने या डब्याच्या तारा जोडल्या आणि स्क्रीन बंद करून ठेवली. धडधाकट फोन अशा वेळी जवळजवळ झोपतो, अँपिअरचा आकडा शून्याला टेकल्यासारखा होतो. हा मात्र टेकत नव्हता. थोडा खाली यायचा, पुन्हा उसळायचा. स्क्रीन काळी, फोन गप्प, आणि वीज वाहतेच आहे. "आत काम चालू हाये त्याचं," पोरगा म्हणाला. "दोन दिवस जाऊ द्या." गिऱ्हाइकाला ते पटलं नाही, कारण दोन दिवस थांबायचे पैसे कोणी घेत नाही आणि फुकटच्या सल्ल्यावर वलगावात काय, कुठेच विश्वास बसत नाही. तरी तो फोन दोन-तीन दिवसांनी आपोआप ताळ्यावर आला. फोटोंची पुन्हा छाननी, अॅपची नवी जुळणी, हे सगळं उरकलं की बॅटरीची गळती थांबते. अपडेटनंतर काही काळ बॅटरी जास्त उतरते हे अॅपलही आपल्या ग्राहकांना सांगते.

दुसऱ्या एका फोनची गोष्ट उलटी निघाली. तारांवर तो तासभर मजेत चालला, स्वतःची बॅटरी लावली की चाळीस टक्क्यांवर असताना बंद. इथे अपडेटचा संबंध एवढाच की त्याने जुन्या बॅटरीला जास्त राबवलं. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिच्यात साठा कमी होतोच, पण त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे तिचा आतला अडथळा वाढतो. फोनने एकदम जोर मागितला की व्होल्टेज पडतं आणि फोन चाळीस टक्के दाखवत विझतो. वऱ्हाडातला उन्हाळा तिला आणखी लवकर म्हातारं करतो. आयफोन वापरायचं योग्य तापमान अॅपल ० ते ३५ अंश सांगते. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास खेळतो आणि फोन पत्र्याखालच्या दुकानात नाहीतर दुचाकीच्या डिकीत असतो.

याच दुखण्यावरून जगातलं सगळ्यात गाजलेलं अपडेट-प्रकरण झालं. जानेवारी २०१७मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१मध्ये अॅपलने थकलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग गुपचूप आवरायची सोय घातली. वापरणाऱ्याला सांगितलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ते उघडकीला आलं, कंपनीने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९वर आणला, आणि पुढच्या वर्षी आयओएस ११.३मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारा पडदा दिला. यात मला खटकतं ते वेग कमी करणं नव्हे. पोरगाही तेच करतो, म्हाताऱ्या बॅटरीच्या फोनला बॅटरी सेव्हर लावून देतो. पण तो सांगून लावतो.

आता टावर. या तक्रारीत जितकं खरं आहे तितकाच भास आहे, आणि दोन्ही वेगळे काढायला वेळ लागतो. फोनमध्ये मोडेम हा एक स्वतंत्र संगणकच असतो. त्याची स्वतःची प्रणाली असते आणि ती मोठ्या अपडेटबरोबर बदलते. कोणता बँड आधी शोधायचा, एका टावरवरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची, हे तिथे ठरतं. म्हणजे अपडेटने टावरवर परिणाम होऊ शकतो, हे शंभर टक्के खरं. पण त्या काड्या? वर कोपऱ्यात दिसणाऱ्या काड्यांचं कोणतंही जागतिक माप नाही. किती सिग्नलला किती काड्या हे फोन बनवणारा ठरवतो. २०१० साली आयफोन ४च्या वेळी अॅपलनेच कबूल केलं की त्यांचा काड्यांचा हिशेबच चुकीचा होता आणि अनेकदा दोन काड्या जास्त दिसत होत्या. जुलैमध्ये आयओएस ४.०.१ आलं आणि लोकांच्या काड्या कमी झाल्या. सिग्नल होता तसाच होता.

म्हणून पोरगा काड्यांकडे बघत नाही. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत खोल गेलं की बऱ्याच फोनवर सिग्नल आकड्यात दिसतो, डीबीएममध्ये, वजा चिन्हासह. उणे ८५ म्हणजे झकास, उणे ११०च्या पुढे म्हणजे कॉल तुटणार. यात मेख अशी की दहाचा फरक म्हणजे शक्ती दहा पटींनी कमी. उणे ९५ आणि उणे १०५ हे आकडे कागदावर शेजारी दिसतात, फोनसाठी मात्र मोठी दरी असते.

एका काकूंचा फोन घेऊन आम्ही हा आकडा बघत निघालो. दुकानात, पत्र्याच्या छपराखाली, उणे १०८. रस्त्यावर आलो तर सुधारला. गाडगेबाबांच्या निर्वाणस्थळाकडे, पेढीच्या बाजूला उतरलो तसा पुन्हा घसरला आणि वर कोपऱ्यात ५जी, ४जी, ५जी असा खेळ सुरू झाला. (बाबा २० डिसेंबर १९५६ला इथेच, अमरावतीला नेत असताना वाटेत गेले. आता त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण मान खाली घालून फोनमध्ये बघत असतो, आणि मीही त्यातलाच.) काकूंच्या फोनचा आजार तिथे सापडला. अपडेटने नेटवर्कची पसंती बदलून पुन्हा ५जी पहिलं अशी करून ठेवली होती. ५जी मिळतंय-न मिळतंय अशा कडेवर त्यांचं घर. तिथे फोन सतत शोधत राहतो, उड्या मारतो, आणि टावर दूर पडला की ओरडून बोलल्यासारखा जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. टावर आणि बॅटरी या दोन तक्रारी पुष्कळदा एकच असतात, त्या अशा.

५जीची तर भारतात सुरुवातच अपडेटने झाली म्हणायला हरकत नाही. १ ऑक्टोबर २०२२ला सेवा सुरू झाली तेव्हा ५जी लिहिलेले लाखो फोन लोकांच्या खिशात आधीपासून होते आणि तरी ५जी दिसत नव्हतं. हार्डवेअर तयार, पण इथल्या कंपन्यांच्या जाळ्यासाठी ते सॉफ्टवेअरमध्ये बंद. त्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत एकेक फोन कंपनीने अपडेट पाठवलं. आयफोनना डिसेंबर २०२२मध्ये आयओएस १६.२ने ते मिळालं. एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणारी पद्धत घेतली, त्यात फोनला दोन्ही जाळ्यांशी एकाच वेळी नातं ठेवावं लागतं आणि बॅटरीवर भार पडतो. जिओने स्वतंत्र ५जी उभं केलं आणि ७०० मेगाहर्ट्झचा बँड घेतला, जो लांबवर आणि भिंतींच्या आत जास्त पोचतो. एकाच घरात दोन सिमांचे दोन अनुभव येतात ते यामुळे. काकूंना पोराने ४जी पसंत करून दिलं. "५जी गेलं का मंग माह्यं?" त्यांनी विचारलं. "पाह्यजे तेव्हा लावता येते काकू. वावरात काय करता त्याचं?"

हँग होण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दहा-बारा हजारांचा फोन, चार जीबी रॅम, आणि साठवणूक गच्च भरलेली. कशाने? सुप्रभाताच्या फुलांनी, लग्नाच्या व्हिडिओंनी, एकच कीर्तन पाच ग्रुपमधून पाच वेळा उतरल्याने. भरलेल्या मेमरीवर लिहायला फोनला वेळ लागतो आणि नव्या प्रणालीला जुनीपेक्षा जास्त जागा लागते. पोरगा आधी व्हॉट्सअॅपची फोटो-व्हिडिओंची आपोआप उतरणी बंद करतो, मग पाच-सहा जीबी मोकळी करतो. फोन चालायला लागला की गिऱ्हाईक विचारतं, "अपडेट काढून टाकलं का?" तो हो म्हणतो. अपडेट काढता येत नाही. बहुतेक फोन मागच्या आवृत्तीवर परत जाऊच देत नाहीत. पण हो म्हटलं की माणूस समाधानाने जातो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, अपडेट बिचारं निर्दोष आहे. तसंही नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८मध्ये अॅपल आणि सॅमसंग दोघांना दंड केला. सॅमसंगचा मामला गॅलक्सी नोट ४चा होता, नवी प्रणाली जुन्या फोनला झेपत नसताना ती घ्यायला लोकांना भाग पाडल्याचा. गूगलने तर उघडच केलं. जानेवारी २०२५मध्ये पिक्सेल ४एला आणि जुलैमध्ये पिक्सेल ६एला असं अपडेट आलं की त्यामुळे बॅटरीची क्षमताच कमी केली गेली. ६एच्या बाबतीत ४०० चार्जिंग चक्रं झालेल्या बॅटऱ्या जास्त तापू नयेत म्हणून. सुरक्षेसाठी ते योग्यही असेल. पण रात्री झोपताना एक बॅटरी असते आणि सकाळी तीच बॅटरी लहान झालेली असते, हा अनुभव काल्पनिक नव्हता. आणि अपडेटच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं काय, तर 'काही त्रुटी दूर केल्या, कामगिरी सुधारली.' दोन जीबी उतरवून घेणाऱ्याला याहून जास्त कळायला हवं.

हिरव्या रेघेवर पोराकडे इलाज एकच, फोल्डर बदलणे, म्हणजे अख्खी स्क्रीन. रेघ अपडेटनंतर दिसली असं प्रत्येक जण शपथेवर सांगतो. पोराचं मत असं की अपडेटच्या वेळी फोन तापतो आणि स्क्रीनच्या पट्टीतला आधीच कच्चा जोड तेव्हा सुटतो. मला हे पटण्यासारखं वाटलं. काही कंपन्यांनी भारतात अशा स्क्रीन मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं, ते मात्र वॉरंटी संपल्यावर गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला म्हणून.

पावसाळा सरत आला तशी काउंटरवर वेगळीच गर्दी झाली. ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून मोबाईलवर पिकाची नोंद करायची, फोटो काढायचा, अशी ही व्यवस्था आहे. अॅपची आवृत्ती बदलत जाते आणि जुना फोन ती घ्यायला नकार देतो. एक काका असाच फोन घेऊन आले. पाठ पिवळी पडलेली, बॅटरी किंचित फुगलेली.

"याच्यावर अपडेट मारून दे न बापू."

"काका, याले अपडेट येनंच बंद झालं. कंपनीनं सोडून देल्लं याले."

"काहून? चालते तं हा."

पिक्सेल ८पासून गूगलने आणि गॅलक्सी एस२४पासून सॅमसंगने सात वर्षं अपडेट द्यायचं वचन दिलंय. युरोपात जून २०२५पासून विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षं प्रणालीचे अपडेट उपलब्ध ठेवायचा नियम आहे. काकांचा फोन या दोन्हींतला नव्हता. त्यांनी शेवटी पुतण्याचा फोन मागून आणला, पोराने त्यावर अॅप टाकून दिलं. स्क्रीनवर वर एक सूचना आली होती, नवीन अपडेट उपलब्ध आहे, आत्ता करायचं का. काकांनी पोराकडे पाहिलं. पोराने 'नंतर'वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आधी सोयाबीन नोंदून या."