तुसाच्या कोळशात मायक्रोवेव्ह कशा मुरतात?

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलच्या मागच्या अंगाला तुसाचे ढीग दिसतात. १०० किलो धान भरडलं की सुमारे २० किलो तूस निघतं. त्यातलं बरंचसं बॉयलरमध्ये नाहीतर वीटभट्टीत जातं. गुरं ते आवडीनं खात नाहीत आणि शेतात टाकलं तर लवकर कुजतही नाही, कारण त्यात सिलिका भरलेली असते. वाळूत असते तीच ही सिलिका. तूस पूर्ण जाळलं की वजनाच्या १५ ते २० टक्के राख उरते आणि त्या राखेचा मोठा भाग सिलिकाच असतो. गुरांना नकोशी असलेली ही सिलिका एका कामी मात्र येते. मायक्रोवेव्ह शोषणारा सच्छिद्र कोळसा बनवताना तिचा उपयोग होतो.

असे शोषक लागतात कुठे? अँटेना तपासण्याच्या खोलीत भिंतींवरून लहरी परत आल्या तर मोजमापच चुकतं. म्हणून तिथे कार्बन मुरवलेल्या फोमचे सुळके भिंतभर लावतात. रडारपासून लपायचं असो, की एकाच डबीत शेजारी शेजारी बसलेल्या दोन सर्किटांची एकमेकांना होणारी लुडबुड थांबवायची असो, गरज तीच.

शोषकाकडून दोन कामं हवी असतात. लहर आत शिरली पाहिजे आणि आत गेल्यावर तिथेच जिरली पाहिजे. ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतात. वीज उत्तम वाहून नेणारा धातू लहरीला दारातूनच परत पाठवतो. मेणासारखा पदार्थ तिला बिनतक्रार आत घेतो, पण तशीच पलीकडे जाऊ देतो. समुद्राची लाट धक्क्याच्या भिंतीवर आपटली की उसळून मागे फिरते, उतरत्या पुळणीवर मात्र पसरून विरते. शोषकालाही अशी पुळण व्हायचं असतं. हवेतून येणाऱ्या लहरीला पुढचा पदार्थ हवेपेक्षा फार वेगळा वाटता कामा नये, तरी त्यात थोडी वीज वाहिली पाहिजे.

आता तुसाकडे येऊ. आधी ते धुऊन माती काढतात, वाळवतात आणि नायट्रोजन सोडलेल्या नळीच्या भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हवा असती तर तूस पेटलं असतं. इथे ऑक्सिजनच नसल्यामुळे ते जळण्याऐवजी विघटित होतं. आधी तुसातलं हेमिसेल्युलोज तुटतं, साधारण ३०० अंशांच्या पुढे सेल्युलोज तुटतं आणि लिग्निन सावकाश, लांबवर तुटत राहतं. वाफ, वायू आणि डांबर निघून जातात. उरतो तो काळा कोळसा, पण त्यात कार्बनच्या जोडीला सारी सिलिकाही तशीच असते. वजनात तिचा वाटा निम्म्याच्या जवळ जातो.

पुढची पायरी छिद्रं पाडण्याची. कोळशात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून पुन्हा नायट्रोजनमध्ये ७०० ते ८०० अंशांवर तापवतात. हा दाहक क्षार दोन बाजूंनी काम करतो. एकीकडे तो कार्बनशी अभिक्रिया करून त्याला आतून कुरतडतो. दुसरीकडे सिलिकाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारं पोटॅशियम सिलिकेट बनवतो. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करत नाहीत, कारण आत मोकळं पोटॅशियम उरलेलं असू शकतं आणि त्याला हवा-पाणी लागलं तर ते पेट घेतं.

धुण्याचा क्रमही सांभाळावा लागतो. पहिल्यांदा गरम पाणी, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि शेवटी धुवण उदासीन होईपर्यंत पुन्हा पाणी. आम्ल आधी ओतलं तर विरघळलेलं सिलिकेट जेलीसारख्या सिलिकेच्या रूपात परत जमतं आणि नुकतीच उघडलेली छिद्रं बुजवतं. नीट धुतलं तर सिलिका जिथे जिथे बसली होती तिथे पोकळी राहते. अशा कोळशाच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या पुढे जाऊ शकतं.

लहर या छिद्रांत अडकते आणि भिंतींवर आपटत राहते, असं वर्णन नेहमी वाचायला मिळतं. आकार पाहिले तर ते पटत नाही. १० गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३ सेंटिमीटर असते. छिद्रं नॅनोमीटरपासून फार तर काही मायक्रोमीटरपर्यंतची. एकेक छिद्र लहरीला जाणवतही नाही, तिला जाणवतं ते कार्बन आणि हवेचं एकत्र मिश्रण. छिद्रांचं खरं काम आहे ती हवा आत नेण्याचं. तिच्यामुळे पदार्थ हवेच्या जवळ येतो आणि लहर परत न फिरता आत शिरते. जिरवण्याचं काम भिंतींचं. त्यांतून विजेचे बारीक प्रवाह वाहतात आणि रोधामुळे उष्णता होते. जिथे कार्बन आणि हवा भेटतात तिथे विद्युतभार साचतो, पण लहरीच्या तालाबरोबर तो धावू शकत नाही, मागे पडतो. त्यातही ऊर्जा खर्ची पडते.

म्हणून तापमानाचा निर्णय नाजूक असतो. कमी तापवलं तर कोळसा वीज नीट वाहत नाही आणि लहर पार निघून जाते. फार तापवलं तर तो धातूसारखा वागू लागतो आणि लहर परतवतो.

तपासणीसाठी कोळशाची पूड पॅराफिन मेणात मिसळून ७ मिलिमीटर व्यासाचं, मधे भोक असलेलं कडं दाबून तयार करतात. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर २ ते १८ गिगाहर्ट्‌झमध्ये त्याचे गुणधर्म मोजतो. मागे धातूचा पत्रा आणि पुढे ठरावीक जाडीचा थर मानून किती लहर परत येईल, हे त्यावरून गणितानं काढतात. उणे १० डेसिबल म्हणजे ९० टक्के जिरली, उणे २० म्हणजे ९९ टक्के, उणे ४० म्हणजे ९९.९९ टक्के.

उणे ५० किंवा ६० असे आकडे दिसले की डोळे दिपतात. पण तसा खड्डा बहुधा एकाच वारंवारतेला, एकाच जाडीला पडतो. थराची जाडी पदार्थातल्या लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी झाली की पुढून आणि मागून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात आणि आकडा फुगतो. कोळशाचं त्यातलं श्रेय अर्धंच. त्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: उणे १० च्या खाली पट्टा किती रुंद आहे, थर किती मिलिमीटरचा आहे आणि मेणात कोळसा किती टक्के घातला आहे.

चौथा प्रश्न धुवणाचा. तूस जवळपास फुकट मिळतं, पण क्षार, नायट्रोजन, वीज आणि पाणी फुकट नाही. सिलिकेटच्या त्याच धुवणात वेगळ्या भांड्यात आम्ल टाकून सिलिका परत मिळवता येते. तिला रबर आणि रंग उद्योगात गिऱ्हाईक आहे. असं केलं तर सिलिकेट गटारात जात नाही आणि खर्चाचा काही भागही निघतो. ते न करता क्षाराचं पाणी सोडून दिलं, तर टाकाऊ तूस वाचवून आपण नवा टाकाऊ पदार्थ तयार केला, एवढंच होईल.