ध्वनिपरिवर्तकांची तुलना आणि आवाजाची समान पातळी

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस या परिसरात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. होळीच्या दिवसांत तांड्यांवर डफाच्या साथीने गायिली जाणारी लेंगी गीते हा लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा विषय होय. अशा गीतांचे कॅसेटवरील ध्वनिमुद्रण संगणकात साठविताना ध्वनिपरिवर्तक निवडावा लागतो. फीत वर्षागणिक क्षीण होत असल्याने ही निवड चुकल्यास ती पुढे दुरुस्त करता येईलच असे नाही.

निवड बहुधा कानांनी होते आणि चूक तेथेच शिरते. समजा, एक परिवर्तक २ व्होल्टला आपली कमाल पातळी गाठतो व दुसरा २.५ व्होल्टला. एकाच फितीचा संकेत दोहोंना दिल्यास पहिल्याची नोंद सुमारे १.९ डेसिबलने वरच्या पातळीवर येते. ऐकणाऱ्यास हा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवेलच असे नाही; तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरीव’ म्हणून जाणवतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले की, हलक्या आवाजात कान खर्जाच्या स्वरांना कमी संवेदनशील असतो. पातळी किंचित वाढताच डफाचा घुमारा भरून येतो आणि त्याचे श्रेय उपकरणाला मिळते. (फितीची खरखरही त्याच प्रमाणात वाढते, तिचा दोषही मग विनाकारण त्याच्याच माथी येतो.)

यावर उपाय कठीण नाही. एकाच टेपरेकॉर्डरचा संकेत दोन्ही परिवर्तकांना एकाच वेळी द्यावा, कारण तीच फीत दोनदा वाजविली तरी तिची गती तंतोतंत सारखी राहत नाही. आरंभी १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर मुद्रित करून दोन्ही नोंदींतील त्याची पातळी मोजावी व वरची नोंद खाली आणावी. डावी व उजवी वाहिनी स्वतंत्रपणे तपासणे इष्ट. उरलेला फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टमध्ये सुमारे १.२ टक्क्यांच्या आत असावा. संगणकातील ‘नॉर्मलाइज’ या सोयीवर मात्र विसंबू नये. ती सर्वोच्च शिखर पाहते, आणि डफाच्या एखाद्या थापेचे शिखर दोन नोंदींत निराळे पडले की सारा हिशेब बिघडतो.

पातळी जुळविल्यानंतरही नाव दिसत असता केलेली तुलना भरवशाची नसते. महागडे यंत्र कोणते हे ठाऊक असले की कानही त्याच बाजूला झुकतो. म्हणून ऐकणाऱ्यापासून क्रम गुप्त ठेवून १६ वेळा ओळखण्यास सांगावे. त्यांपैकी १२ किंवा अधिक उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. त्याहून कमी उत्तरे बरोबर आल्यास त्या चाचणीत फरक सिद्ध झाला नाही एवढेच म्हणता येते. दोन्ही परिवर्तक समान आहेत असे नव्हे.

पातळीतील हा बदल तुलनेसाठी काढलेल्या प्रतीतच करावयाचा असतो. संग्रहात ठेवावयाची मूळ नोंद आहे तशीच राहते.