घरच्या पोहण्याच्या तलावाला कुंपण हवे, तेही चारही बाजूंनी

वसई, अर्नाळा, उत्तन, तसेच खाडीपलीकडील अलिबागच्या परिसरात बंगल्याच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधण्याची प्रथा वाढू लागली आहे. पूर्वी आपल्या वाडीत विहीर असे, बावखल असे. विहिरीला कठडा बांधलेला असे आणि बावखलाकडे जाणाऱ्या लहानग्याला हटकायला घरात चार वडीलधारी माणसे असत. आता घरात माणसे थोडी आहेत, आणि तलाव स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांवर आहे.

बुडणारे लहान मूल हाका मारत नाही, फारसे पाणीही उडवीत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या आईला काहीच ऐकू येत नाही, आणि प्राणवायूअभावी काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणूनच मुलाला पाण्यापर्यंत पोहोचूच न देणारा अडसर हवा.

‘आमच्या आवाराला सहा फुटांची भिंत आहे,’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. ती भिंत शेजारच्या मुलाला अडवील. पण आपले नातवंड घराच्या दारातूनच बाहेर येते, त्याला कोण अडवणार? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन परीक्षणातही हेच आढळले की, घर आणि तलाव यांना वेगळे करणारे चारही बाजूंचे कुंपण हे केवळ आवाराभोवतीच्या कुंपणापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

मापे ऑस्ट्रेलियाकडून घ्यावीत. तेथील न्यू साउथ वेल्स राज्यात घरगुती तलावांच्या कुंपणासाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथील मानकानुसार कुंपण बाहेरील जमिनीपासून किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार फूट उंच असावे. दोन उभ्या गजांमधील आणि कुंपणाखालील फट १०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा अधिक नसावी. आडव्या पट्ट्या जवळजवळ नसाव्यात; खालची आणि वरची यांत किमान ९०० मिलिमीटर अंतर असावे. आपल्याकडील फॅब्रिकेटर हौसेने वेलबुट्टीची जाळी सुचवितात. दिसायला ती सुरेख असते, पण चार वर्षांच्या मुलासाठी ती शिडीच होय. चौकटी जाळीच्या तारेचेही तसेच. साधे उभे गज सर्वांत बरे. कुंपणालगत कुंडी, प्लॅस्टिकची खुर्ची किंवा पाण्याच्या पंपाचा चौथरा असेल, तर उंचीला काही अर्थ उरत नाही.

खरी कसोटी फाटकाची. ते तलावापासून बाहेरच्या बाजूस उघडले पाहिजे. म्हणजे कडी नीट लागली नसली तरी आत जाऊ पाहणारे मूल ढकलून फाटक बंदच करील. बिजागऱ्या स्प्रिंगच्या असाव्यात, कडी आपोआप लागणारी आणि मुलाचा हात पोहोचणार नाही अशा, सुमारे पाच फुटांच्या उंचीवर असावी. काम पूर्ण झाल्यावर फाटक पूर्ण उघडून सोडून पाहावे, मग केवळ चार बोटे उघडून सोडून पाहावे. दोन्ही वेळा हात न लावता कडी लागली पाहिजे. लागली नाही, तर कारागिराचे उरलेले पैसे देऊ नयेत! नाताळाला किंवा घरी मांडव पडला की कोणीतरी ये-जा सोयीची व्हावी म्हणून फाटकाला वीट लावून ठेवतो. नेमकी त्याच दिवशी घरात मुले सर्वांत जास्त असतात.

आपल्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते आणि सर्वांत आधी बिजागरी अडते. परवडत असेल तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम घ्यावे. खर्च अधिक येतो, हे खरे. परंतु दर पावसाळ्यानंतर रंगकाम करणे आणि झिजलेले फाटक दोरीने बांधणे यापेक्षा ते बरे. खांब नुसत्या फरशीवर स्क्रूने बसवू नयेत, काँक्रीटमध्ये रोवावेत. माती वाहून गेली की खालची फट वाढते आणि माळ्याने भर घातली की उंची घटते, म्हणून पावसाळा संपताच टेप घेऊन मापे पुन्हा पाहावीत.

कुंपण असले तरी मुले पाण्यात असताना एक प्रौढ व्यक्ती काठावर हवीच, मोबाइल बाजूला ठेवून. पोहणे संपल्यावर चेंडू आणि फुगवलेली खेळणी तलावातून काढून घरात न्यावीत. ती पाण्यावर तरंगताना दिसली की मूल त्यांच्यासाठीच कुंपण चढू पाहते.