यादीत दिसत नाही म्हणजे नोंदच नाही?

पुरवठादाराचं बिल यादीत सापडलं नाही, म्हणून ते पुन्हा नोंदवलं गेलं आणि पैसेही दोनदा गेले. कारखान्याच्या किंवा व्यापारी पेढीच्या हिशेब खात्यात काम करणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, नाहीतर एन्ट्री करणाऱ्या मुलाला. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा यादीच्या रचनेत असते. कोणते कॉलम दिसावेत, कशावर शोध चालावा, कोणते फिल्टर लागावेत हे एकदा कोणीतरी घाईत ठरवलेलं असतं आणि पुढे सगळे त्या यादीलाच सत्य मानून चालतात.

उदाहरणासाठी ईआरपीनेक्स्ट घेतो. मुंबईच्या फ्रापे टेक्नॉलॉजीजने बनवलेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर जीपीएल ३ परवान्याखाली मिळतं, त्यामुळे आत काय चालतं ते कोणालाही उघडून पाहता येतं. सॅप, ओडू किंवा सेल्सफोर्समध्ये बटणांची नावं बदलतात, पण पुढचे गैरसमज तिथेही भेटतात.

"साहेब, ते बिल सिस्टिममध्ये नाहीच."

हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं: यादीत नाही की सिस्टिममध्ये नाही? लिस्ट व्ह्यू म्हणजे डेटा साठवण्याची जागा नव्हे. प्रत्येक प्रकारच्या कागदासाठी, म्हणजे सेल्स इनव्हॉइस, पर्चेस इनव्हॉइस, जर्नल एन्ट्री यांसाठी, डेटाबेसमध्ये एकेक टेबल असतं. यादी त्या टेबलाला विचारलेला प्रश्न असते. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, टेबल जागच्या जागी राहतं.

बिल न दिसण्याची कारणं साधी असतात. यादी सुरुवातीला फक्त २० नोंदी आणते, पुढच्या मागवाव्या लागतात. काल लावलेला फिल्टर सॉफ्टवेअरने त्या वापरकर्त्यासाठी लक्षात ठेवलेला असतो आणि आज तोच लागून यादी उघडते. बिल अजून ड्राफ्ट असतं आणि फिल्टर मात्र 'अनपेड'चा असतो. किंवा ते दुसऱ्या कंपनीच्या नावावर पडलेलं असतं आणि पाहणाऱ्याला त्या कंपनीची परवानगीच नसते. चौथं कारण फसवं आहे, कारण सॉफ्टवेअर 'तुम्हाला परवानगी नाही' असं सांगत बसत नाही. ती ओळ यादीतून मुकाट्याने वगळली जाते.

म्हणून नवीन नोंद करण्याआधी सगळे फिल्टर काढून पुरवठादाराच्या बिल क्रमांकावर शोध घ्यायची सवय लावावी. तेही माणसावर सोडू नये. पुरवठादाराचा बिल क्रमांक पुन्हा येऊ नये यासाठी अकाउंट्स सेटिंग्जमध्ये एक खूण आहे, ती चालू करावी. ही तपासणी यादीवर अवलंबून नसते, म्हणूनच ती भरवशाची आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. जतन केलेला फिल्टर पुसला तर एकही नोंद जात नाही. पण यादीत ओळींवर टिक करून 'डिलीट' दाबलं तर नोंदीच जातात. नवख्या माणसाला ही दोन्ही बटणं सारख्याच जोखमीची वाटतात.

"पगाराचा कॉलम काढून टाकलाय, आता कोणी बघू शकत नाही."

हा सगळ्यात धोक्याचा समज आहे आणि दुर्दैवाने फार पसरलेला. 'कस्टमाइज फॉर्म'मध्ये फील्डसमोरची 'इन लिस्ट व्ह्यू'ची खूण काढली की कॉलम यादीतून जातो, एवढंच. तोच माणूस नोंद उघडून आकडा वाचू शकतो, रिपोर्ट व्ह्यूमध्ये कॉलम पुन्हा जोडू शकतो, एक्सपोर्टची परवानगी असेल तर एक्सेलमध्येही उतरवू शकतो. कॉलम लपवणं ही मांडणी झाली, बंदोबस्त नव्हे.

बंदोबस्त तीन ठिकाणी होतो. कोणत्या भूमिकेला कोणता कागद वाचता, लिहिता, एक्सपोर्ट करता येईल हे रोल परमिशनमध्ये ठरतं. एखादंच फील्ड झाकायचं असेल तर त्याला वेगळी परमिशन लेव्हल देतात आणि ती लेव्हल मोजक्याच भूमिकांना मिळते. 'नाशिकच्या विक्री प्रतिनिधीला नाशिकच्याच पार्ट्या दिसाव्यात' अशी मर्यादा यूझर परमिशनमधून येते. या तिसऱ्या ठिकाणी एक फट राहते. ज्या पार्टीच्या नोंदीत विभाग रिकामाच ठेवलाय, ती मर्यादा असलेल्या माणसालाही दिसते. हे थांबवायचं असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'अप्लाय स्ट्रिक्ट यूझर परमिशन्स' चालू करावं लागतं. ते चालू केल्यावर रिकाम्या विभागाच्या नोंदी अचानक गायब झाल्याची तक्रार येईल, त्यामुळे आधी त्या भरून घ्याव्यात.

"वरच्या पट्टीत काहीही टाका, सापडतं."

ग्लोबल सर्च सगळ्या टेबलांमधून फिरत नाही. त्याच्यासाठी वेगळं टेबल ठेवलेलं असतं आणि 'इन ग्लोबल सर्च'ची खूण असलेल्या फील्डमधला मजकूरच तिथे जातो. पार्टीचा जीएसटी क्रमांक तिथे सापडत नसेल तर बहुधा ती खूणच नसते. बिल करताना कस्टमरच्या चौकटीत अक्षरं टाकली की खाली नावं येतात, ती व्यवस्था आणखी वेगळी आहे. ती कस्टमरच्या 'सर्च फील्ड्स'वर चालते. तिथे जीएसटी क्रमांक आणि मोबाइल जोडून घेतले की काउंटरवरच्या माणसाचं निम्मं काम हलकं होतं. ही सगळी मांडणी करताना मी हे काम सर्वात आधी करेन.

जीएसटी क्रमांकावर शोधण्याचा फायदा असा की तो १५ अक्षरांचा आणि ठरलेल्या घडणीचा आहे. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, पुढची दहा अक्षरं पॅनची. महाराष्ट्रातल्या पार्ट्या काढायच्या तर 'लाइक' फिल्टरमध्ये नुसतं २७ टाकून भागत नाही. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावतं आणि मध्ये कुठेही २७ असलेला क्रमांक आणतं. २७ नंतर आपण स्वतः टक्क्याचं चिन्ह टाकलं तर ज्यांची सुरुवात २७ ने होते तेच क्रमांक येतात.

नावावरचा शोध मात्र कच्चा असतो, मराठीत तर फारच. शहा आणि शाह, पाटील आणि पाटिल ही कटकट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. कऱ्हाडमधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठतो. एकात मराठीचं स्वतंत्र 'ऱ' अक्षर आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत चिन्हांची रांग वेगळी. एका कळफलकाने नोंदवलेलं गाव दुसऱ्या कळफलकाने शोधताना निसटू शकतं. यावर उपाय शोधात नाही, नोंदीत आहे. गाव हाताने लिहू न देता ठरलेल्या यादीतून निवडायला लावावं आणि पार्टी नावाऐवजी कोड, जीएसटी क्रमांक किंवा मोबाइलवर शोधावी.

"सगळ्या फील्डना इंडेक्स लावा, सिस्टिम पळेल."

इंडेक्सचं काम टेलिफोन डिरेक्टरीसारखं चालतं. आडनावाची सुरुवात माहीत असेल तर पान झटकन उघडतं, पण 'नावात कुठेतरी कर येतं' एवढंच ठाऊक असेल तर अख्खी डिरेक्टरी वाचावी लागते. दोन्ही बाजूंना टक्का असलेला शोध या दुसऱ्या जातीचा असतो. त्याला साध्या इंडेक्सचा उपयोग होत नाही. शिवाय प्रत्येक इंडेक्स जागा खातो आणि प्रत्येक नवीन नोंदीच्या वेळी त्यालाही अद्ययावत करावं लागतं. वाचन सुधारायच्या नादात बिल सेव्ह व्हायला वेळ लागू लागतो. ज्या दोन-तीन फील्डवर रोज नेमका शोध होतो, तिथेच इंडेक्स लावावा.

"नवीन फील्ड जोडलं, आता त्यावर यादी लावा."

इथे जरा थांबतो, कारण या समजाची किंमत थेट करात मोजावी लागते.

वित्त कायदा २०२३ ने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३ब(एच) घातलं आणि ते करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं ठरलेल्या मुदतीत चुकवलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. मुदत २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ मधून येते. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारातली मुदत, पण कमाल ४५ दिवस. हे कलम आल्यावर प्रत्येक अकाउंटंटला एक यादी हवी झाली: सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची मुदत संपत आलेली बिलं.

पहिली अडचण अशी की पुरवठादार सूक्ष्म आहे की लघु हे सप्लायरच्या नोंदीत असतं, बिलात नाही. पर्चेस इनव्हॉइसची यादी बिलातलीच फील्ड दाखवते. म्हणून बिलात एक फील्ड जोडून त्याला 'फेच फ्रॉम'ने सप्लायरशी बांधतात. इथेच बहुतेक जण काम झालं असं समजतात. पण फेच फ्रॉम म्हणजे जिवंत दुवा नाही, नोंद करताना घेतलेली नक्कल आहे. आधी सबमिट झालेल्या बिलांत ते फील्ड रिकामं राहतं. 'वर्ग बरोबर सूक्ष्म' असा फिल्टर लावला की ती जुनी बिलं, म्हणजे ज्यांची मुदत सर्वात आधी संपते तीच, यादीबाहेर पडतात. यादी छान दिसते आणि चुकीची असते. म्हणून नव्या फील्डवर यादी बांधण्याआधी 'इज – नॉट सेट' हा फिल्टर लावून रिकाम्या नोंदी मोजाव्यात. फील्डला 'अलाउ ऑन सबमिट' देऊन डेटा इम्पोर्टने त्या भराव्यात आणि मगच यादी लोकांच्या हाती द्यावी.

नक्कल असण्याचा फायदाही आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून बदलल्या. सूक्ष्म उद्योगाची उलाढाल-मर्यादा ५ कोटींवरून १० कोटींवर गेली, लघुची ५० वरून १०० कोटींवर. पुरवठादाराचा वर्ग बदलला तरी जुन्या बिलात त्या वेळचा वर्ग तसाच राहतो आणि पुढे दाखवता येतो.

दुसरी अडचण तारखेची. कायद्याचे दिवस माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे बिलाच्या तारखेत ४५ मिळवणारी यादी कधी लवकर घाबरवते, कधी उशिरा जागी होते. मालपावतीची तारीख बिलात आणावी लागते.

तिसरी अडचण 'ओव्हरड्यू' या शब्दावर ठेवलेल्या विश्वासाची. ही स्थिती बिलाच्या ड्यू डेटवरून ठरते आणि ड्यू डेट पेमेंटच्या अटींवरून. अट ९० दिवसांची लिहिली असेल तर कायद्याची मुदत उलटून दीड महिना झाला तरी यादी त्या बिलाला 'अनपेड' एवढंच म्हणेल. शिवाय ही स्थिती नोंदीत साठवलेली असते आणि रात्री चालणारं काम ती बदलतं. सर्व्हरवरचा शेड्युलर बंद पडला तर मुदत संपलेली बिलंही 'ओव्हरड्यू'मध्ये येत नाहीत. म्हणून या कामाची यादी स्थितीवर नव्हे, तारखेवर आणि आउटस्टँडिंग रकमेवर बांधावी.

वर्ग भरताना आणखी एक काळजी. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती अग्रक्रम कर्जापुरती. मध्यम उद्योग ४३ब(एच) मध्ये येत नाहीत. 'उद्यम क्रमांक आहे' एवढ्यावर फिल्टर लावला तर यादी फुगते. सूक्ष्म, लघु, मध्यम आणि व्यापारी असे चार पर्याय वेगळे ठेवावेत. हे पर्याय कोणते असावेत हे सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला सुचणार नाही. देणी सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच ही यादी बांधावी लागते.

"खाली बेरीज आलीय, म्हणजे बरोबरच असणार."

रिपोर्ट व्ह्यूमध्ये बिलाबरोबर आयटमचा कॉलम जोडला की तीन आयटमचं बिल तीन ओळींत येतं, कारण आयटम वेगळ्या टेबलात साठतात. बिलाची एकूण रक्कम तिन्ही ओळींवर छापली जाते आणि बेरीज तिप्पट होते. आयटम दाखवायचे असतील तर बेरीज आयटमच्या रकमेची घ्यावी.

"एकदा सेव्ह केली की यादी कायमची."

'बिटवीन'मध्ये १ एप्रिल ते ३० जून लिहून जतन केलेला फिल्टर ऑगस्टमध्येही जूनच दाखवतो, आणि तो सर्वांसाठी जतन केला असेल तर सगळ्या ऑफिसला. चालू महिना, मागची तिमाही अशा सरकत्या काळासाठी 'टाइमस्पॅन' वापरावा. फक्त त्यातलं 'धिस इयर' १ जानेवारीला सुरू होतं. आर्थिक वर्षासाठी ईआरपीनेक्स्टने तारखेच्या फील्डवर 'फिस्कल इयर' ही वेगळी अट दिली आहे. तिच्यात वर्ष निवडावं लागतं, म्हणून जतन केलेल्या यादीतलं ते वर्ष दर एप्रिलला हाताने बदलावं लागतं.