फोन टॅप करायला परवानगी कोण देतं? अन् त्या परवानगीवर नजर कुणाची?

"फोनवर नको, समोर आल्यावर बोलू." निवडणूक जवळ आली की गावोगावी हे वाक्य ऐकू येतं. सरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाला वाटतं, आपला फोन कुणीतरी ऐकतंय. यातल्या बहुतेकांचा फोन ऐकायला कुणाला वेळ नाही. पण ऐकायचाच ठरवला, तर कायदा काय सांगतो ते माहीत असलेलं बरं.

आधी एक घोळ मिटवू. बातमीत 'सीडीआर काढला' असं येतं, ती नुसती यादी असते. कुणाला, कधी, किती वेळ फोन लावला ते त्यात कळतं, बोलणं कळत नाही. टॅपिंग म्हणजे प्रत्यक्ष बोलणं ऐकणं. ते ठाण्यातल्या फौजदाराला स्वतःच्या मनाने करता येत नाही. राज्यात गृहसचिव आणि दिल्लीत केंद्रीय गृहसचिव यांचा लेखी आदेश लागतो. अगदी तातडी असेल तर आयजी दर्जाचा अधिकारी आदेश काढू शकतो, पण कामकाजाच्या ७ दिवसांत वरून मंजुरी आली नाही तर ते बंद करावं लागतं. एक आदेश ६० दिवस चालतो, वाढवून वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस.

हे नियम सरकारने आपणहून केले नाहीत. इंग्रजांच्या १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात संदेश अडवायचा अधिकार होता, पण तो कसा वापरायचा याची रीत ठरलेली नव्हती. नेत्यांचे फोन टॅप झाल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. १८ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला. आदेशाआधी न्यायाधीशाने बघावं, ही मागणी कोर्टाने मान्य केली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, असं म्हणून त्याऐवजी आढावा समिती घालून दिली. आता टेलिग्राफ कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम निघाले. सांगाडा मात्र तोच आहे.

खरी गोम या आढावा समितीत आहे.

राज्याच्या समितीत मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि आणखी एक सचिव, असे तिघे असतात. त्यात न्यायाधीश नाही, आमदार नाही, विरोधी पक्षाचा तर कुणीच नाही. सचिवाने काढलेला आदेश सचिवांनीच तपासायचा. बैठक दोन महिन्यांतून एकदा. केंद्रातही असेच तीन सचिव आहेत. माहिती अधिकारातून मिळालेल्या उत्तरानुसार एकटं केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश काढत होतं. न्या. बी. एन. श्रीकृष्ण (मुंबई दंगलीची चौकशी केलेले तेच) यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात हाच हिशेब मांडला: एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश! एका आदेशाला एकच मिनिट दिलं तरी १५,००० आदेशांना २५० तास लागतात. म्हणजे न झोपता, न जेवता दहा दिवसांवर. तलाठ्याला एका बैठकीत एवढे सातबारे तपासायला सांगितले तर तो काय करील, ते कुणालाही कळतं.

दुसरी अडचण अशी, की ज्याचा फोन ऐकला त्याला ते कधीच कळवलं जात नाही. मग तक्रार करणार कोण? मुंबईतल्या एका व्यावसायिकाला दाद मिळाली, ती लाचेच्या खटल्यात रेकॉर्डिंग पुढं आलं म्हणून. सार्वजनिक सुरक्षेला इथं कसलाही धोका नव्हता, असं म्हणत मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. जर्मनीत पाळत संपल्यावर, धोका नसेल तर, त्या माणसाला कळवायची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीसोबत न्यायाधीशाची मंजुरीही लागते.

आपल्या राज्यात नेत्यांचे फोन टॅप केल्याच्या आरोपावरून २०२२ साली पुण्यात आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले. नंतर सरकार बदललं, सप्टेंबर २०२३ मध्ये हायकोर्टाने दोन्ही गुन्हे रद्द केले. आरोप काही सिद्ध झाले नाहीत. पण आमदारांनाही अशा वेळी सभागृहात आवाज उठवण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही, कारण गुप्तचर कामावर देखरेख ठेवणारी विधिमंडळाची वेगळी समितीच नाही. संसदेचीही नाही. १८८७ पासूनचा इतिहास सांगणाऱ्या 'आयबी'साठी संसदेने आजवर स्वतंत्र कायदा केलेला नाही. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच राहिलं.

माहितीचा अधिकार 'आयबी'ला लागू नाही, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कलम २४ प्रमाणे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्क उल्लंघनाच्या आरोपाशी संबंधित माहिती मागता येते. मानवी हक्कांच्या बाबतीत आधी केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते, आणि उत्तर ३० नव्हे, ४५ दिवसांत द्यायचं असतं.