आकाशाची वाट आणि खिडकीपाशीचा अडसर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पोलादाच्या या नगरीत प्रांतोप्रांतींहून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. आज त्यांतील अनेकांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत. ज्यांनी उभ्या आयुष्यात पाळीची वेळ चुकवली नाही, त्या आजी-आजोबांना आता विमान चुकण्याची धास्ती वाटते.

आमच्या शेजारचे असेच एक वृद्ध दांपत्य लेकीच्या बाळंतपणासाठी निघाले. भिलाईकरांना विमानासाठी रायपूर गाठावे लागते. रायपूर ते मुंबई एक तिकीट आणि पुढील प्रवासाचे दुसरे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे त्यांनी काढली. थोडी बचत झाली. परंतु पहिले विमान तीन तास उशिरा सुटले. मुंबईस सामान सोडवून ते दुसऱ्या कंपनीच्या खिडकीपाशी पोचले, तेव्हा नोंदणी बंद होऊन दहा मिनिटे झाली होती. विमान अद्याप तळावरच होते. तथापि यांची गणना ‘न आलेले प्रवासी’ अशी झाली आणि परतीचे तिकीटही रद्द ठरले. नातू जन्मला तेव्हा आजी मुंबईतच होती.

नोंदणी साधारणतः तासभर आधी बंद होते, ती निष्कारण नव्हे. सामानाची तपासणी, विमानातील भाराचा समतोल आणि प्रवाशांची अंतिम यादी यांस अवधी लागतो. परंतु हे कारण प्रवाशास त्याच्या भाषेत आधी कोण सांगतो? तिकीट विकताना जी तत्परता दिसते, ती नियम समजावतानाही दिसावयास हवी.

प्रवाशासही काही हक्क आहेत. वेळेवर हजर असूनही जादा तिकीटविक्रीमुळे जागा नाकारली गेली आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान मिळाले नाही, तर भारतात २०१६ साली सुधारलेल्या नियमांनुसार कमाल २०,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. १९९९ चा माँट्रिऑल करार भारतास २००९ पासून लागू आहे. त्यानुसार सामानाची मोडतोड झाल्यास सात दिवसांत आणि सामान उशिरा मिळाल्यास, मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

तरीही सावधगिरी हेच उत्तम. संपूर्ण प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर करावा. मग मधले विमान चुकल्यास पुढे पोचविण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन तिकिटे घेणे भागच असेल, तर दुर्गहून आगगाडीने एक दिवस आधी मुंबई गाठावी. सामान घरीच तोलावे. सुके खोबरे तेलकट व ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या सामानात चालत नाही. ते घरीच ठेवावे. लोणच्याची बरणी हातातील पिशवीत नेऊ नये.

वाचवलेले चार पैसे पुन्हा मिळवता येतात. नातवाच्या जन्माची घटका मात्र पुन्हा येत नाही.